शिट्ट्या बंद करणारी बाई

माझ्या पहिल्या नोकरीत न वाजणाऱ्या गोष्टी वाजवण्याचा पगार मिळायचा आणि दुसऱ्या नोकरीत वाजणाऱ्या गोष्टी बंद करण्याचा. दोन्ही नोकऱ्या नाशकातच झाल्या, दोन्हीकडे नियम एकच होता, आणि तो नियम मला आजही तितकाच गमतीचा वाटतो. निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, वेळ कसा जातो? अहो, लग्नाच्या हॉलमध्ये माईक कुईऽऽ करायला लागला की सगळे कानांवर हात ठेवतात, मी मात्र ताट खाली ठेवून स्पीकर कुठे ठेवलाय ते बघायला जाते. घरच्यांना याची लाज वाटते.

पहिली नोकरी सातपूरला. गाडी मागे घेताना टीं-टीं आवाज येतो ना, ते बझर आम्ही बनवायचो. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, म्हणून मला टेस्टिंगला बसवलं होतं. तयार सर्किट हातात यायचं, वीज द्यायची, वाजलं की उजवीकडे, नाही वाजलं की डावीकडे. डोकं लावायचं काम नव्हतंच. पण पहिल्याच हिवाळ्यात मजा झाली. डिसेंबर लागला आणि सकाळच्या पाळीत डावीकडचा ढीग वाढायला लागला. तीच सर्किटं दुपारी पुन्हा लावून बघावीत, तर सगळी गुण्यागोविंदानं वाजायची. सुपरवायझर म्हणाले, "सकाळी बायकांचे हात गारठलेले असतात, सोल्डरिंग कच्चं राहतं." हात गारठलेले असायचे हे खरं, पण सोल्डरिंग कच्चं होतं तर दुपारी आपोआप पक्कं कसं झालं? मी डावीकडचा ट्रे उचलला आणि खिडकीत उन्हाला नेऊन ठेवला. चहा होईपर्यंत त्यातलं एकेक सर्किट वाजायला लागलं होतं.

हे असं का, ते सांगते. घाबरू नका, गणित नाही. झोका डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक फेरीत वारा आणि कड्यांची कुरकुर मिळून झोक्याचा थोडा जोर खातात. मागे उभं असलेल्यानं निदान तेवढा जोर परत दिला तर झोका चालू राहतो, कमी दिला तर हळूहळू थांबतो. पण नुसता जोर देऊन भागत नाही. झोका मागून पुढे निघतो नेमका तेव्हा हात लागला पाहिजे. तो मागे येत असताना ढकललंत तर झोका थांबेल आणि तुमचं मनगट दुखेल ते वेगळंच.

बझरच्या सर्किटात झोक्याच्या जागी विजेची थरथर असते. ती आत येते, मोठी होते, बाहेर पडते, वाटेत थोडी झिजते आणि फिरवून पुन्हा आत आणली जाते. एक फेरी मारून परत आल्यावर ती निघाली होती तेवढीच असेल, आणि ज्या ठेक्यात निघाली त्याच ठेक्यात आली असेल, तर सर्किट वाजत राहतं. आम्ही याला 'एकाला एक' म्हणायचो. पाऊण परत आली तर खेळ खलास. सव्वा आली तर वाढत जाते, पण वीज काही अमर्याद नसते, त्यामुळे कुठेतरी दम लागतो आणि शेवटी तीही एकाला एकवरच येऊन ठरते. मग पहिला धक्का कोण देतं? मला हाच प्रश्न कितीतरी दिवस छळत होता. उत्तर असं की कुणीच देत नाही. प्रत्येक सर्किटात एक बारीक खरखर कायम असते, तिच्यात सगळे सूर थोडे थोडे असतात, आणि त्यातला जो ठेक्यात बसतो तोच तेवढा वाढत जातो. गर्दीतून पुढारी तयार होतो तसंच हे. थंडीत ट्रान्झिस्टरचा जोर थोडा उतरतो. आमच्या सर्किटात तो मुळातच जेमतेम ठेवलेला होता, नाशिकच्या डिसेंबरनं तो एकाच्या खाली ओढला. एक रेझिस्टर बदलला आणि डावीकडचा ढीग गेला. सुपरवायझरनी मात्र बायकांना हातमोजे वाटले. तेही बरंच झालं.

पुढे कारखाना परराज्यात गेला, मी काही गेले नाही. शालिमारजवळ कानाच्या यंत्रांचं एक केंद्र होतं, तिथे दुरुस्ती आणि बसवणीच्या कामाला लागले. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा आले नि म्हणाले, "शिट्टी मारतंय." मी यंत्र कानाशी धरलं, आणि मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तोच तो एकाला एक!

कानाचं यंत्र म्हणजे एक माईक, मधे आवाज मोठा करणारं सर्किट आणि शेवटी एक चिमुकला स्पीकर. माईक असतो कानामागे, तिथून एक नळी कानात जाते, आणि कानाच्या मापानं बनवलेला एक साचा ती नळी जागेवर धरून ठेवतो. मोठा झालेला आवाज पडद्याकडे जावा अशी अपेक्षा. पण साचा सैल असला की त्यातला थोडा फटीतून बाहेर निसटतो, वळसा घेऊन माईककडे जातो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा निसटतो. फेरी पुरी झाली. परत आलेला आवाज एकाच्या खाली आहे तोवर काही होत नाही. एकाला टेकला, ठेका जमला, की कुईऽऽ. कारखान्यात हा क्षण यावा म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसायचो. इथे तो येऊ नये म्हणून.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले एक गृहस्थ यायचे. टर्बाइनच्या घरघरीत त्यांचे कान गेले होते. त्यांची तक्रार अशी की नातीनं मिठी मारली की यंत्र शिट्टी मारतं. उघडच होतं, पोरीचं डोकं कानाशी आलं की निसटलेला आवाज त्यावर आपटून माईककडे परत जाणार. मी म्हटलं, "काका, यंत्र उजव्या कानात आहे, तिला डावीकडून मिठी मारायला सांगा." त्यांनी खरंच सांगितलं. पुढच्या वेळी म्हणाले, "आता ती मुद्दाम उजवीकडूनच मारते."

इतकं सगळं ठाऊक असूनही इंदूताईंच्या शिट्टीनं मला चांगलंच झुलवलं.

इंदूताई घोटीच्या पुढच्या, डोंगराकडच्या एका गावच्या. भातशेती करणारं घर, वय पंचेचाळिशीच्या आसपास. लहानपणी कान फुटून ऐकणं गेलेलं, त्यातही वरचे बारीक सूर पार गेलेले. सोबत नवरा, निवृत्तीभाऊ. खुर्चीत बसल्या बसल्या निवृत्तीभाऊ म्हणाले, "मॅडम, तुमचं मशीन शिट्टी मारतंय."

मी इंदूताईंना विचारलं, "कधी मारतं?"

"मला काय ठावं?" त्या म्हणाल्या. "मला ती ऐकूच येत नाय. लोकांची तोंडं माझ्याकडं वळली का समजायचं, वाजली."

हे खरंच होतं. शिट्टी असते बारीक आणि उंच, नेमक्या त्यांच्या गेलेल्या सुरांतली. आपल्याच कानात वाजणारी शिट्टी त्यांना दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरून कळायची. मी यंत्र तपासलं, बॅटरी बदलली, नळी बदलली, आवाज वरपर्यंत नेऊन बघितला. यंत्र चूप. त्यांना घरी पाठवलं, काही दिवसांत दोघं परत हजर.

"घरात कुठे वाजतं?" मी पोलिसासारखी चौकशी सुरू केली.

"चुलीपाशी नाय वाजत. बायकांत बसले का नाय वाजत. ओट्यावर वाजतं. ग्रामपंचायतीत तर लय वाजतं."

"तिथं जवळच मोबाईलचा टॉवर हाय," निवृत्तीभाऊंनी शोध लावला. मला वाटलं पंचायतीतल्या लाउडस्पीकरचा काही संबंध असेल, तर तिथे लाउडस्पीकरच नव्हता. ट्यूबलाइट? ती चुलीपाशीही होती. रात्रंदिवस तेच डोक्यात. घरी भाजी करपली, नवरा म्हणाला, "तुझी शिट्टी सापडली की कुकरची पण बघ."

गंमत म्हणून मी हे सोडवत होते. इंदूताईंना त्यात गंमत नव्हती. त्या गावच्या सरपंच होत्या. जागा बायकांसाठी राखीव झाली, निवृत्तीभाऊंनी बायकोला उभं केलं आणि ती निवडून आली. रीत अशी की खुर्चीत ती बसणार, बोलणार ते.

"ग्रामसेवक तोंडातल्या तोंडात वाचायचे, हे मान हलवायचे, मी सही करायचे," इंदूताई म्हणाल्या. "सही माझी आणि ऐकू दुसऱ्याला. म्हनून तर मशीन घेतलं. आता त्ये वाजलं का मानसं हसत्यात. मग हे म्हन्त्यात, काढून ठेव."

"मंग काय करू, मॅडम?" निवृत्तीभाऊ म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "सरपंचाच्या कानातून शिट्टी आली तर सभा व्हईल का?"

सभा तोंडावर आली होती. वरच्या वाडीला पाण्याची पाइपलाइन न्यायची की गावाच्या तोंडाशी कमान बांधायची, असा प्रश्न होता. वाडीतल्या बाया अजून डोक्यावरून पाणी आणत होत्या. इंदूताईंना पाइप हवा होता. कमान हवी होती ती त्यांचे चुलत सासरे तात्या यांना. यंत्र काढून सभेत बसायचं म्हणजे काय ठराव झाला ते त्यांना घरी गेल्यावर नवऱ्याकडून कळणार.

पुढच्या खेपेला हे तात्याही बरोबर आले होते. त्यांना शहरात डोळे दाखवायचे होते. ते बाहेर बाकावर बसले, ही दोघं आत. इंदूताई नेहमीसारख्या पदर खांद्यावर घेऊन बसल्या, कारण यंत्र लावायचं तर डोक्यावरचा पदर काढा असं आम्हीच सगळ्यांना सांगतो. मी आवाज हळूहळू वर नेत होते, यंत्र ढिम्म. तेवढ्यात केबिनचं दार उघडून तात्या आत आले. "आरं, किती उशीर?"

इंदूताईंचा हात आपसूक उठला, पदर डोक्यावरून पुढे आला, कानावर ताणून बसला, चिमटीत धरलेला काठ गालाशी. आणि कुईऽऽ!

सगळे दचकले. निवृत्तीभाऊ म्हणाले, "बघा! तात्यांला वळखतंय मशीन!"

मी खुर्चीतून उडालेच. "पदर खाली घ्या." शिट्टी बंद. "आता पुन्हा घ्या." कुईऽऽ. मला खिडकीतला तो ट्रे आठवला आणि आनंदानं ओरडावंसं वाटलं. फटीतून निसटणारा आवाज एरवी हवेत विरून जायचा. पदर ताणून घेतला की कापड आणि हाताची चिमटी मिळून तो माईककडे परत लोटायचे. चुलीपाशी, बायकांत पदर खांद्यावर, म्हणून शांतता. ओट्यावर आणि पंचायतीत मोठी माणसं, म्हणून पदर, म्हणून शिट्टी. मी सलवार-कमीज घालणारी शहरातली बाई, मला लाउडस्पीकर सुचला, ट्यूबलाइट सुचली, पदर काही सुचला नाही.

"काय झालं?" तात्यांनी विचारलं.

"शिट्टी वाजली, तात्या!" निवृत्तीभाऊ ओरडून म्हणाले.

"कसली शिट्टी? मला तर कायबी आली नाय ऐकू."

म्हातारपणी वरचे सूर पहिले जातात, तात्यांचेही गेले होते. ज्यांच्यासाठी पदर घेतला त्यांना ती ऐकू येत नव्हती, आणि जिच्या कानात वाजत होती तिलाही नाही. बाकी सगळ्या गावाला येत होती. मी इंदूताईंकडे बघितलं, तर त्या पदराआड हसत होत्या.

निदान झालं, पण इलाज? ही फेरी तीन ठिकाणी तोडता येते. सर्किटाचा जोर कमी करा, किंवा फट बुजवा, किंवा आवाजाची परतीची वाट मोडा. आधी जोर कमी केला. पदर घेतला तरी शिट्टी नाही. मग मी निवृत्तीभाऊंना टेबलावरचं वर्तमानपत्र दिलं आणि म्हटलं, "ग्रामसेवक वाचतात तसं वाचा." त्यांनी इतकं हुबेहूब वाचलं की मलाही काही कळलं नाही. इंदूताईंनी मान हलवली. शिट्टीबरोबर ऐकणंही गेलं होतं. मग फट. कानाचं नवं माप घेतलं, चांगला घट्ट साचा करून आणला. त्यानं बराच फरक पडला, पण त्यांना लागणारा जोर दिला आणि पदर ताणला की यंत्र पुन्हा वाजायचंच, थोडं कमी इतकंच.

उरली परतीची वाट. आता हे मी कोणत्या तोंडानं सांगणार? पदर घेऊ नका म्हणणारी मी कोण? त्यांना त्याच गावात नांदायचं होतं. मी त्यांना फक्त झोक्याची गोष्ट सांगितली. फटीतून निघालेला आवाज पदरावर आपटून परत येतो, निघाला तेवढाच परत येतो, म्हणून वाजतो, एवढंच.

त्यांनी विचार केला. "म्हंजी पदर डोक्यावर असला तर चालंल?"

"डोक्यावर कितीही असू दे. कानावर नको."

त्या उठून भिंतीवरच्या आरशासमोर गेल्या. पदर डोक्यावरून घेतला, कानामागून वळवला, बांगडीत अडकवलेली पिन काढली आणि तो अंबाड्याजवळ टोचून टाकला. डोकं झाकलेलं, कान उघडा, आणि कानामागचं बदामी रंगाचं यंत्र चक्क दिसत होतं. आजवर पदराखाली ते झाकून जायचं, हेही तेव्हाच माझ्या ध्यानात आलं.

निवृत्तीभाऊ अस्वस्थ झाले. "मशीन दिसतंय की."

"दिसू द्या. तात्यांचा चष्मा दिसतोच ना?"

मी जोर पूर्ण वर नेला. निवृत्तीभाऊंनी पुन्हा ग्रामसेवकासारखं वाचलं. त्यांचं वाक्य संपायच्या आत इंदूताई म्हणाल्या, "कांद्याच्या भावाचं वाचता ना? नीट वाचा, मधला सबुद खाल्ला तुम्ही." निवृत्तीभाऊंनी पेपर खाली ठेवला आणि बायकोकडे जरा नवलानं बघितलं.

सभेनंतर इंदूताईंचा फोन आला. ठराव त्यांनी पुन्हा वाचायला लावला होता. पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यात पाइपलाइन नव्हतीच, नुसती कमान होती.

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हनलं, कमानीखालून बायांनी हंडे घेऊनच जायचं का? कमान पुढच्या साली बघू." मग म्हणाल्या, "तात्या दोन दिस बोलले नाय. मंग बोलले."

माझ्या दृष्टीनं गोष्ट संपली होती. नंतर कुठलीही नवी शिकाऊ मुलगी आली की मी तिला सांगायचे, पेशंट घरी जसा बसतो तसाच इथे बसव, आणि इंदूताईंचं उदाहरण द्यायचे. मला त्याचा बराच अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी इंदूताई पुन्हा आल्या. जुनं यंत्र झिजलं होतं. या वेळी त्या राखीव नसलेल्या जागेवरून निवडून आल्या होत्या आणि एसटीनं एकट्याच आल्या होत्या. पदर पिनेनं कानामागे, तसाच. मी त्यांना नवं डिजिटल यंत्र लावलं. या यंत्रांची करामत अशी की आत शिट्टी वाढायला लागल्याची चाहूल लागताच ती तोच सूर उलट्या ठेक्यात सोडतात. झोका मागे येत असताना ढकलायचा, आणि मनगटही दुखत नाही! मी ऐटीत म्हटलं, "आता पदर कसाही घ्या. कानावर हात दाबून धरा, तरी वाजणार नाही."

त्यांनी तळवा कानावर धरला, माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, आणि त्यांचंच तोंड उतरलं. "नाय वाजली?"

"आता कधीच नाही वाजणार."

"मंग हे नको."

मला कळेना. खोदून विचारलं तेव्हा, जरा लाजतच, सांगितलं. सभेत पुरुष एकदम बोलायला लागले, आरडाओरडा झाला, की बाईचा आवाज कोण ऐकतो? टेबल वाजवून उपयोग नाही. म्हणून त्या हळूच तळवा कानावर धरायच्या. कुईऽऽ.

"लगीच गप्प व्हत्यात सगळे. तात्या सोडून. त्यांला ऐकू येत नाय ना. मंग सगळे तात्यांकडं बघत्यात, तव्हा तेबी गप्प. मंग मी बोलते."

ज्या शिट्टीपायी ती बाई यंत्र काढून सभेत बसणार होती, ती तिनं माळेतल्या मण्यासारखी जवळ सांभाळून ठेवली होती. मी इतकी वर्षं ती बंद करण्याचं काम केलं आणि तिचा असाही उपयोग असेल हे कधी मनातही आलं नाही. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

कॉम्प्युटर उघडला. नव्या यंत्रात दोन-तीन कार्यक्रम भरून ठेवता येतात, बारीक बटण दाबलं की एकातून दुसऱ्यात जायचं. पहिला नेहमीचा ठेवला. दुसऱ्यात शिट्टी दाबणारी ती हुशारी बंद केली आणि जोर थोडा चढवला, हात कानावर धरला की फेरी एकाच्या जेमतेम वर जाईल इतका. सातपूरनंतर पहिल्यांदाच मी एखादी गोष्ट वाजावी म्हणून जुळवत होते. कार्यक्रमाला नाव द्या, असं कॉम्प्युटरनं विचारलं. घर, बाजार, फोन अशी तयार नावं होती. मी टाइप केलं, ग्रामसभा.

"आता बटण दाबा, आणि धरा हात."

त्यांनी बटण दाबून तळवा कानावर धरला. केबिनमध्ये कुईऽऽ झालं, काचेपलीकडे बाकावर बसलेल्यांच्या माना वळल्या. इंदूताईंना अर्थातच काही ऐकू आलं नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"वाजली का, मॅडम?"

"वाजली, इंदूताई. लय भारी वाजली."